कॅशेची नवी जागा

समोरच्याचा कप टेबलाच्या काठाशी दिसला की ते बोलता बोलता तो दोन बोटांनी आत सरकवत. बोलणं थांबत नसे, नजरही समोरच्याच्या तोंडावरून हलत नसे, पण कप आत गेलेला असे. मग कुणी विचारल्यासारखं म्हणत, "काठावर काही ठेवू नये राजा."

मी त्यांना भाऊ म्हणायचो. मूळचे अमरावतीचे. कॅनडात उभा जन्म काढला, पण "करून राहिलो", "पाहून राहिलो" त्यांच्या जिभेवरून हललं नव्हतं. इंग्रजी बोलतानाही त्यांची ती लय तशीच राहायची आणि ऑफिसातल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की सगळ्या भारतीयांचं इंग्रजी असंच असणार असं ते धरून चालायचे. माझं सांगलीचं इंग्रजी ऐकून सुरुवातीला काही जण गोंधळलेही.

उंची बेताची, कपाळ मोठं, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. गणपतीच्या कार्यक्रमात महाप्रसाद झाला की बाकीचे फोटो काढत असतात आणि एक जण मागे हॉलच्या किचनमध्ये उभा राहून प्रत्येक डब्याला त्याचं झाकण शोधत असतो, तोच तो. आमच्या मिल्टन गावाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. त्यांनी माझ्या हातात एक झाकण दिलं आणि म्हणाले, "पाहा बरं, याचा डबा कुठं आहे. झाकण गेलं की डबा गेला."

मी तेव्हा नुकता पंचेचाळिशी ओलांडून या देशात आलेला. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बरी नोकरी सोडून आलो होतो आणि इथे एका गोदामात खोकी उचलत होतो. "कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की स्वप्नातही तेच ऐकू यायचं. झाकणं जुळवता जुळवता भाऊंनी मला काय येतं ते विचारून घेतलं. खोदून विचारलं. शेवटचा डबा बंद झाल्यावर म्हणाले, "रेझ्युमे पाठवून दे. मी पाहतो." असं "पाहतो" म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. भाऊंनी खरंच पाहिलं. काही आठवड्यांत मी त्यांच्या ऑफिसात, ओकव्हिलला, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसलो होतो. काम कॉन्ट्रॅक्टचं होतं, पण काम होतं, आणि माझ्या शिक्षणाचं होतं.

हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना मी ते विसरलो असं कुणाला वाटू नये. मला स्वतःलाही वाटू नये.

आमची कंपनी लहान. धान्याच्या मोठ्या कोठारांसाठी, ज्यांना तिकडे प्रेअरीच्या सपाट, गवताळ मुलखात एलिव्हेटर म्हणतात, आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. शेतकऱ्याचा ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं, ओलाव्याची घट धरली जाते आणि पावती छापून बाहेर येते. ते वजन, ती घट, ती पावती म्हणजे आम्ही. सगळ्यात जुना ग्राहक सस्काटूनच्या बाजूचा. त्यांच्या काट्यांवर आमची फार जुनी आवृत्ती चालायची आणि ती बदलायला ते तयार नव्हते. "चालतंय ना?" एवढंच त्यांचं म्हणणं. भाऊ त्या ग्राहकाला मनातून मानायचे.

मी आणि भाऊ दोघेही मिल्टनला राहायचो, तेव्हा एकाच गाडीने जायचो. गाडी माझी, सूचना त्यांच्या. पानं पिवळी व्हायच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं, "विंटर टायर टाकले का?"

"भाऊ, अजून एसी लावतोय मी."

"रबराला थंडी आधी कळते राजा. माणसाला मागून."

ब्रॉन्टे रोडवर दोन्ही बाजूंना नव्या घरांच्या रांगा उठत होत्या. त्या बघत ते मला सगळं शिकवायचे. कोणता मॅनेजर "लेट्स सर्कल बॅक" म्हणाला की समजायचं काम गेलं, ज्याने त्याने घरून एक पदार्थ न्यायचा त्या पोटलकला कोबीची भाजी का नेऊ नये, फावड्याने बर्फ उपसताना कंबर कशी ठेवायची. आणि आमच्या धंद्यातलंही. कॅशे म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण समजलं भाऊंमुळे.

"हे पाहा," ते म्हणाले होते, "आपलं सॉफ्टवेअर आपण एकटे कुठं लिहितो? शेकडो तुकडे दुसऱ्यांनी लिहिलेले असतात, इंटरनेटवर ठेवलेले असतात. पॅकेज मॅनेजर म्हणजे वाणसामान आणून देणारा माणूस. काय पाहिजे ते सांगा, तो घेऊन येतो. पण शहाणा असतो, दर खेपेला दुकानात जात नाही. एकदा आणलं की त्यातलं थोडं घरात ठेवून देतो. ते म्हणजे कॅशे. तुझ्या वहिनीचा बेसमेंटमधला फ्रीझर."

वहिनींचा तो फ्रीझर मी पाहिला होता. भाऊंच्या बेसमेंटमध्ये आडवा, पाळण्याएवढा. त्यात खोवलेला नारळ, पुरणपोळ्या, सोललेले मटार, कढीपत्ता, सगळं पिशव्यांत, आणि प्रत्येक पिशवीवर भाऊंच्या अक्षरात चिकटपट्टी. "तुझे भाऊ माझ्यावरसुद्धा चिकटपट्टी लावतील," वहिनी म्हणायच्या.

"तू हरवत नाही न," भाऊ म्हणायचे, "म्हणून नाही लावत."

आपल्या हातून आजवर काही हरवलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी लपवलाही नाही. नव्या माणसाशी ओळख करून देतानासुद्धा कुणीतरी हमखास म्हणायचं, याने आजवर एक फाइलही घालवली नाही. ते नाही नाही म्हणत हात हलवायचे आणि चेहरा मात्र उजळायचा.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी त्यांची कामं माझ्याकडे सोपवायला सुरुवात केली. सगळं सॉफ्टवेअर जिथे तयार व्हायचं ते एक मुख्य मशीन होतं. त्याच्या चाव्या, म्हणजे त्यात बदल करायचा अधिकार, त्यांनी स्वतःहून सोडला आणि मला देववला. मॅनेजरबाई आमच्या दोघांसमोर म्हणाल्या, की वर्षअखेरीस माझं कॉन्ट्रॅक्ट संपेल तेव्हा मला पर्मनंट करून घ्यायचं त्यांच्या मनात आहे, आणि शिफारस भाऊंची आहे. घरी जाताना मी गाडीत काहीतरी आभाराचं बोलायला लागलो तर ते म्हणाले, "रस्त्याकडे पाहा. लाल आहे."

बायकोला सांगितलं तेव्हा ती ओट्याशीच खाली बसली. तिच्या डेकेअरच्या नोकरीत दाताच्या डॉक्टरचा खर्चही मिळत नव्हता. मुलीचे दात वाकडे होते. पर्मनंट या शब्दात आमच्या घरात पुष्कळ काही मावत होतं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एकदा ते मुख्य मशीन अडून बसलं. त्याची पहिली डिस्क लहान, आणि कॅशे तिच्यावरच. फुगत फुगत त्याने सगळी जागा खाल्ली होती. मी आपला एकेक फोल्डर उघडून बघत बसलो होतो. भाऊ मागे येऊन उभे राहिले.

"कॅशे हलव तिथून. एका ओळीचं काम आहे. मॅनेजरला नवी जागा सांगून द्यायची, सामान उचलून तिकडं ठेवायचं. ऊठ, मी करून टाकतो. तू चहा आण."

मी उठलो. माझंच लॉगिन उघडं होतं, माझ्याच खुर्चीत ते बसले. यात वावगं आहे हे माझ्या मनातही आलं नाही. ज्या माणसाने मला त्या खुर्चीत बसवलं, त्याला मी काय सांगणार, तुमच्या लॉगिनवरून करा म्हणून? आपल्याकडे वडीलधाऱ्याला तसं म्हणतच नाहीत. शिवाय त्यांच्याकडे आता अधिकार उरला नव्हता. मी किचनमध्ये जाऊन दोन कप चहा केला, त्यांचा बिनसाखरेचा. परत आलो तर ते उठून उभे.

"झालं. जागाच जागा."

"कुठे हलवलात?"

"मोठ्या डिस्कवर. चिंता नको करू."

मोठ्या डिस्क दोन होत्या. हे मला तेव्हा ठाऊक होतं, पण भाऊंनी "चिंता नको" म्हटल्यावर कुठली, हे विचारणं मला त्यांची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं. मशीन चालू झालं. आम्ही चहा प्यायलो.

त्या दोन डिस्कपैकी एक जपून ठेवायच्या फाइलींसाठी होती. दुसरी सगळ्यांसाठी मोकळी. कुणीही काहीही टाकावं आणि बरेच दिवस ज्याला कुणी हात लावला नाही ते तिथून आपोआप पुसलं जावं अशी व्यवस्था. त्या उन्हाळ्यात सिस्टिमवाल्यांनी दोन्ही डिस्क ज्यांवरून ओळखल्या जात त्या डी आणि ई या अक्षरांची अदलाबदल केली होती. मेल आली होती. भाऊ तेव्हा लेकीकडे हॅलिफॅक्सला गेले होते, नातू झाला होता. त्यांनी ती मेल वाचली नसावी. जपायची डिस्क म्हणून त्यांनी जिथे कॅशे ठेवला, ती पुसली जाणारी डिस्क होती.

कुणाला काही कळलं नाही, कारण कॅशेमधलं काही गेलं तर पॅकेज मॅनेजर गुपचूप पुन्हा दुकानात जातो आणि घेऊन येतो. दुकानातून माल उठलेला असेल तरच पंचाईत.

तशी पंचाईत सुगीत झाली. सस्काटूनच्या ग्राहकाकडे एका नव्या काट्यामुळे ओलाव्याची घट चुकीची धरली जाऊ लागली. ट्रकांची रांग लागलेली, शेतकरी पावत्या घेऊन ऑफिसात चढलेले. दुरुस्ती अगदी लहान होती, मी दुपारपर्यंत केली. पण जुनी आवृत्ती पुन्हा तयार करायला गेलो तर मशीन म्हणालं, एक तुकडा मिळत नाही. तो तुकडा ज्याने लिहिला होता त्याने तो कधीचाच इंटरनेटवरून काढून घेतला होता. त्याची उरलेली एकच प्रत आमच्या कॅशेमध्ये होती. आणि आता नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग. मी, भाऊ, मॅनेजरबाई आणि सिस्टिमवाल्यांचा एक माणूस. भाऊ माझ्या उजव्या हाताला. सिस्टिमवाल्याने भिंतीवर नोंद दाखवली. कॅशेची जागा बदलली गेली होती, पुसल्या जाणाऱ्या डिस्कवर. खाली लॉगिन माझं.

मॅनेजरबाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, त्यांचा तो स्वभाव नव्हता. "हे का केलंस?" एवढंच विचारलं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच सॉरी म्हणतो. लहानपणी शाळेत काच फुटली की मास्तरांच्या आधी मी माझे हात तपासायचो. बायको म्हणते, "तुम्ही जन्मालाही सॉरी म्हणत आला असाल." तर माझ्या तोंडून निघून गेलं, "आय अॅम सॉरी. मी बघायला हवं होतं."

हे बोलून झाल्यावर माझी नजर नोंदीतल्या तारखेवर आणि वेळेवर गेली. आणि मला चहा आठवला.

मी भाऊंकडे वळून पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. एक श्वास घेतील आणि बोलतील. त्यांनी श्वास घेतला. म्हणाले, "इट कॅन बी फिक्स्ड. मी त्याला मदत करतो."

त्यांनी मदत केलीही. जिथे जुने लॅपटॉप टाकून दिले होते ती ऑफिसातली खोली त्यांनी स्वतः उपसली. सोडून गेलेल्या एका माणसाचं मशीन चालू केलं. त्यातला कॅशे जुन्याच जागी होता आणि त्यात तो तुकडा होता. आवृत्ती तयार झाली, पावत्या नीट छापल्या जाऊ लागल्या. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर भाऊंचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कुणीतरी नेहमीचं वाक्य म्हणालं, याने आजवर एक फाइल घालवली नाही, आणि भाऊंनी नाही नाही म्हणत हात हलवला. या वेळी मात्र मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी गाडीत ते बोलतील याची मला खात्री होती. ऑफिसात लोकांसमोर अवघड गेलं असेल, गाडीत आम्ही दोघेच. ते म्हणाले, "डावी लेन धर, उजवीकडे काम सुरू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तूरडाळीवर बोलले. मग नातवाच्या दातांवर. मग आमच्या भागात नवी शाळा कुठे होणार यावर. मी हूं हूं करत गाडी चालवत राहिलो. रोज मिल्टन सोडताना वाटायचं, आज. शेतं संपून ओकव्हिलची घरं लागली की वाटायचं, संध्याकाळी. वर्षअखेर जवळ येत होती. माझं पर्मनंट होणं कुणाच्या एका वाक्यावर अडलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही सांगा ना जाऊन. तुम्ही चहा करत होतात म्हणून."

"कुणाच्या विरुद्ध सांगू? भाऊंच्या?"

"भाऊ, भाऊ! कुठला भाऊ असा गप्प बसतो?"

मुलगी मागून कानातले इअरफोन न काढताच म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हिम."

मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती, तेही सांगून टाकतो. विचारलं आणि ते "कोणता बदल?" म्हणाले तर? मग माझ्याकडे काय उरणार होतं? न विचारता निदान वाट तरी बघता येत होती. दोष शोधायची मला सवयच, त्यामुळे मी तो माझ्यातच शोधून काढला. लॉगिन मी उघडं ठेवलं. डिस्क कोणती ते मी विचारलं नाही. सॉरी मीच म्हणालो. रात्रीच्या जेवणाला बसेपर्यंत माझा खटला पुरा झालेला असायचा आणि आरोपी मीच असायचो.

पहिला बर्फ पडला तेव्हा भाऊंनी सकाळी सकाळी आमच्याकडे येऊन माझाही ड्राइव्हवे मोकळा केला. मी दार उघडलं तर ते फावडं टेकवून उभे, नाक लाल. "तुझी कंबर धरली आहे ना? वहिनी सांगून राहिली होती." मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला. त्यांनी माझा कप काठावरून आत सरकवला. त्या क्षणी त्यांचा किती राग आला मला! आणि लगेच लाज वाटली, की जो माणूस माझ्या दारातला बर्फ काढतो त्याचा मी राग करतो. पण राग खरा होता. तो राग होता हे मला कबूल करायला फार वेळ लागला.

डिसेंबरमध्ये मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाही म्हणाल्या. ग्राहक फार दुखावला आहे, वरून विचारणा झाली आहे, त्यांचा इलाज नाही. बाई भल्या होत्या, त्यांना वाईट वाटत होतं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुला हे कळायला हवं. तो तुझ्यासाठी खूप बोलला. माझ्याकडे स्वतःहून आला. म्हणाला, माणूस चांगला आहे, एक चूक कुणाच्याही हातून होते."

एक चूक कुणाच्याही हातून होते. मी ते वाक्य घेऊन खाली पार्किंगमध्ये आलो. भाऊ गाडीपाशी उभे होते, थंडीत पाय आपटत. मी दार उघडलं. आम्ही बसलो. मी त्यांना बातमी सांगितली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मिल्टन येईपर्यंत काढला नाही. मला तो हात झटकायचा होता आणि गाडी चालवताना झटकता येत नव्हता.

मला नंतर दुसरं काम मिळालं, पगाराने कमी, तेही कॉन्ट्रॅक्टचंच. मुलीच्या दातांचं पुढे ढकललं. भाऊंचे फोन यायचे, मी दर खेपेला उचलत नव्हतो. वसंतात ते निवृत्त झाले, घर विकलं. वहिनी आधीच हॅलिफॅक्सला लेकीकडे गेल्या होत्या. एका शनिवारी त्यांचा फोन आला, "राजा, एअरपोर्टला सोडशील? टॅक्सी करतो म्हटलं असतं, पण सामान पाहून तो घाबरेल."

बायको म्हणाली, "जाऊ नका."

मी गेलो. या देशात कुणी एअरपोर्टला सोडायला सांगितलं तर नाही म्हणायचं नसतं, हेही भाऊंनीच शिकवलं होतं. शिवाय मला त्यांना एकदा बघायचं होतं. बोलायची ही शेवटची संधी आहे, हे त्यांना कळतं का, ते बघायचं होतं.

रस्ताभर ते घर घेणाऱ्यांबद्दल बोलले. फ्रीझर त्यांनाच दिला म्हणाले. टर्मिनलपुढे गाडी लावली, दोघांनी मिळून बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. प्रत्येक बॅगेवर चिकटपट्टी होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

"एक बोलायचं राहून गेलं राजा."

बोलणार होते तर. इतक्या महिन्यांनी.

"त्या मीटिंगमध्ये तू जे केलं ना, ते सख्खा भाऊ नाही करत. माझी चूक तू आपल्या अंगावर घेतली. मी आतापर्यंत बोललो नाही, कारण असं काही बोललं की ते लहान होऊन जातं. पण मी विसरलो नाही. वहिनीलाही सांगितलं, पोरगा हिऱ्यासारखा आहे."

त्यांचे डोळे भरून आले होते. मागून एका गाडीने हॉर्न दिला. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. सबंध हिवाळा या माणसाने असं समजून काढला होता, की मी त्यांना काहीतरी देऊन टाकलं आहे आणि त्यांनी ते सभ्यपणे स्वीकारलं आहे. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, की वाटून घेणं त्यांना भाग पडलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"असू द्या भाऊ," एवढं म्हणून मी परत फिरू शकलो असतो. माझ्या स्वभावाला तेच शोभलं असतं.

"भाऊ, मी अंगावर नाही घेतली," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी सॉरी म्हणालो तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं की कॅशे तिकडे तुम्ही हलवला होतात. ते मला नंतर दिसलं. भिंतीवर वेळ वाचली तेव्हा."

त्यांची माझ्या हातावरची पकड सैल झाली, पण हात तिथेच राहिले. ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, कदाचित चेष्टा करतोय का ते. मग हळू म्हणाले, "अन् दिसल्यावर? तू बोलला काऊन नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

मला वाटतं त्या वेळी त्यांना डिसेंबर आठवला असावा, मॅनेजरबाईंची केबिन आठवली असावी, स्वतःचं ते वाक्य आठवलं असावं. त्यांनी माझा हात सोडला. बिनबाह्यांचा स्वेटर खाली ओढून सरळ केला. "फ्लाइट..." असं काहीतरी म्हणाले आणि ट्रॉली ढकलत निघाले.

पिवळं जाकीट घातलेला एक माणूस मला गाडी काढायच्या खुणा करत होता. मी गाडीत बसलो, तरी आरशात दिसत होतं. भाऊ काचेच्या दाराच्या आत जाऊन थांबले होते. पाठ माझ्याकडे, दोन्ही हात ट्रॉलीच्या दांडीवर. दाराच्या फार जवळ उभे होते, त्यामुळे ते दार मिटायला यायचं, त्यांना ओळखून पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायला यायचं. बॅगा घेतलेली माणसं त्यांना वळसा घालून आत जात होती. ते वळले नाहीत आणि पुढेही गेले नाहीत. जाकीटवाला आता माझ्या काचेवर बोटं वाजवत होता. मी गाडी पुढे घेतली, तेव्हाही ते दार उघडतच होतं.